ही सूचना पुन्हा ऐका

साहेबांना उभ्या जन्मात कुणाला तोंडावर 'नाही' म्हणता आलं नाही, आणि 'हो' म्हणायची छाती कधी झाली नाही. या दोन शब्दांच्या मधे जो चिंचोळा बोळ उरतो त्याच्यातून अंग चोरून चालत चालत ते एके दिवशी रेडिओ केंद्राचे संचालक झाले. त्या बोळाचं नाव 'तूर्तास'. केंद्रातले लोक पाठीमागे त्यांना तूर्तास साहेब म्हणत, आणि ते साहेबांच्या कानावर होतं. कान तर त्यांचे फार तिखट. पण राग म्हणून यायचा नाही. "नावं ठेवतात म्हणजे ओळखतात," असं ते बायकोला सांगत, आणि बायको नुसतं 'हं' म्हणून विणकामाचे टाके मोजत राही.

त्यांना आणखी एक नाव होतं, पण ते एकाच माणसाच्या तोंडी. पोपट. हे नाव थोरल्या बहिणीनं ठेवलेलं. आई लवकर गेली, वडील खाणीत कामाला, तेव्हा या पोपटाला वाढवलं ते ताईनंच. पोरगं बोलकं होतं आणि अट्टल थापाडं होतं. दूध मांजरानं सांडलं, पाटी वाऱ्यानं फुटली, मास्तरांनी आज शाळाच लवकर सोडली. ताई हात उगारत नसे. ती हातातलं काम बाजूला ठेवून समोर बसायची आणि म्हणायची, "बरं. आता पुन्हा सांग. शब्दाला शब्द." की दुसऱ्या वेळी मांजराची शेजारणीची कोंबडी व्हायची, वाऱ्याचा पाऊस व्हायचा, आणि पोपटराव भोकाड पसरायचे. थाप मारणाऱ्याला तेच्या तेच दोनदा सांगता येत नाही, असा ताईचा साधा हिशेब होता. पुढं नवरा, दुकानदार, खाणीचे मुकादम, सगळ्यांना तिनं याच हिशेबानं जोखलं, आणि फारशी फसली नाही.

पोपटाचा आवाज फुटला आणि रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायला लागले. असा भरदार, गोड, विश्वास ठेवावासा वाटणारा आवाज. शिक्षण बेताचंच होतं, पण त्या आवाजाच्या जोरावर तो रेडिओत निवेदक म्हणून चिकटला. त्यानं वाचलेली पहिली सूचना होती पाणी बंद राहणार असल्याची. आता रेडिओची एक जुनी पद्धत आहे. महत्त्वाची सूचना दोनदा वाचतात. एकदा वाचून झाली की निवेदक म्हणतो, 'ही सूचना पुन्हा ऐका', आणि काना-मात्रा न बदलता तीच सूचना पुन्हा वाचतो. कुणी दाराशी गेलेलं असेल, कुणाचं पोर रडत असेल, त्यांची सोय म्हणून. खालच्या वस्तीत ताई रेडिओला कान लावून बसली होती. पहिल्यांदा ऐकताना ती नुसती कौतुकानं हसली. पण दुसऱ्यांदाही शब्दाला शब्द तेच आलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. ती आळीभर सांगत सुटली, "माझा पोपट दोनदा सारखं बोलला!"

त्या दिवसापासून ताईचा नियम ठरून गेला. रेडिओवर पहिल्यांदा सांगतात ती नुसती हाक, आणि दुसऱ्यांदा सांगतात ते खरं. उद्या पाणी नाही म्हटल्यावर आळीतल्या बायका बादल्या घेऊन नळाकडे धावत, आणि ही दारात उभी राहून हात वर करी, "थांबा गं, पुन्हा सांगू दे त्याला!" शेजारच्या गवंड्याला एका कानानं कमी ऐकू येई. तो तिची टर उडवायचा, पण खरं तर पहिल्या वेळी त्याला अर्धंच कळलेलं असायचं, म्हणून तोही तिच्याच बाजूला उभा असायचा. ताई त्याला हे सुनावल्याशिवाय सोडत नसे.

'तूर्तास' हा शब्द पोपटाला दिला थोरल्या साहेबांनी. थोरले साहेब म्हणजे तेव्हाचे संचालक, पानं उलटताना जिभेला बोट लावणारे एक निवांत गृहस्थ. पोपट तोवर निवेदकाचा कार्यक्रम अधिकारी झाला होता, आणि त्याच्या टेबलावर एक श्रुतिका येऊन पडली. तिच्यातला एक मूर्ख माणूस खाणमंत्र्यांसारखा खोकत होता. पोपटाला दरदरून घाम फुटला. तो श्रुतिका घेऊन थोरल्या साहेबांकडे गेला.

"यात काय रडतोस?" थोरले साहेब म्हणाले. "'नाही' लिहिलंस तर उद्या कुणीतरी विचारील, का नाही? 'हो' लिहिलंस तर आजच विचारतील, का हो? तू लिही, 'तूर्तास थांबवावे.' कुणी म्हणजे कुणी विचारत नाही बघ."

"आणि लेखक?"

"तो तर मुळीच नाही. त्याला बिचाऱ्याला आशा असते."

दोघं पोट धरून हसले. मंत्री बदलले, त्यांच्यानंतरचेही बदलले, थोरले साहेब निवृत्त होऊन वारले, आणि श्रुतिका राहिली तिथंच.

अशा थांबलेल्या गोष्टींसाठी पुढं साहेबांनी केबिनच्या मागच्या खोलीत एक हिरवं लोखंडी कपाटच केलं. कामगारांच्या मुलाखती, एका म्हाताऱ्या डॉक्टरचं भाषण, खाणीतल्या बायकांची गाणी, सगळ्या टेप ओळीनं लावलेल्या, धूळ पुसलेल्या. दुसऱ्या केंद्रांवर नको असलेल्या टेप सरळ पुसून टाकत. साहेबांनी एकही पुसली नाही, आणि याचा त्यांना कोण अभिमान! "मी आजवर कुणाचा गळा दाबलेला नाही," असं ते छातीवर हात ठेवून सांगत. खरंच होतं ते. गळे सगळे शाबूत होते, कपाटात, कुलपाखाली.

वर बसलेल्यांना असा माणूस हवाच असतो. ज्याच्यामुळं कधी फोन करावा लागत नाही, असा. साहेब उपसंचालक झाले, मग संचालक झाले. गाडी आली, ड्रायव्हर आला, केबिनला जाड पडदे आले. माइकसमोर बसणं सुटलं. तो आवाज आता बैठकांत वापरायला उरला. आणि मनानं माणूस वाईट नव्हता हो, हीच तर चीड येण्यासारखी गोष्ट आहे. शिपायाची मुलगी आजारी पडली तर हे दवाखान्यात रांगेत उभे. म्हाताऱ्या बासरीवाल्याचे हात थरथरायला लागले तरी त्याला कामावरून काढलं नाही, त्याची जुनी रेकॉर्डिंग लावत राहिले आणि मानधन घरी पोचवत राहिले. कुणाचं दुःख त्यांना बघवत नसे. म्हणूनच बहुतेक ते पडदे ओढून घेत.

ताई मात्र खालच्या वस्तीतच राहिली. नवऱ्याला खाणीनं दिलेलं दोन खोल्यांचं घर, नवरा गेल्यावरही तिचंच होतं. वस्तीच्या वर डोंगर, डोंगरात खाण, आणि खाणीतून निघणारा राखाडी गाळ साठवायला वरच्या घळीत एक भला मोठा तलाव. तो अडवून धरला होता मातीच्या बांधानं. तलावात गाळ दरवर्षी वाढायचा, मग बांधावर आणखी माती टाकून तो उंच करायचे. वस्तीतल्या पोरांना बांध म्हणजे डोंगरच वाटायचा, इतका तो जुना झाला होता.

केंद्राच्या बातम्यांचं काम बघणाऱ्या बाई, आवाजानं घोगऱ्या आणि जिभेनं तिखट, एक दिवस केबिनमधे आल्या आणि त्यांनी टेबलावर टेप मशीन ठेवलं. खाणीतल्या एका मोजणीदाराला हाताशी धरून त्या बांधावर जाऊन आल्या होत्या. बांधाच्या दगडी अस्तरात एक फट होती, तिच्यात त्यांनी माइक हातभर आत सारला होता.

"काय आहे हे?" साहेबांनी विचारलं.

"बोलत काहीच नाही कुणी. ऐका फक्त."

साहेबांनी डोळे मिटले. आधी नुसती खरखर. मग तिच्याखाली बारीक, अगदी बारीक पाणी झिरपल्याचा आवाज. तो थांबला. मग काहीतरी सुटून पडलं, मूठभर ओली माती पडावी तसं. मग पुन्हा झिरपणं. आवाजावर त्यांचा जन्म गेला होता, त्यांना कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. हे बाहेरच्या ओघळाचं पाणी नव्हतं. बांधाच्या पोटातून कुणीतरी माती खात होतं.

"पुन्हा लावा," ते म्हणाले.

बाईंनी टेप मागं नेली. दुसऱ्या वेळीही तेच आलं, जसंच्या तसं.

मग साहेबांनी पेन उघडलं. बाईंना ते काय लिहिणार हे पेन उघडायच्या आतच कळलं.

"साहेब, खालच्या वस्तीत तुमची ताई राहते ना?"

"म्हणूनच तर," साहेब म्हणाले. "लोक म्हणतील, घरच्यांसाठी रेडिओ वापरला."

"वा!" बाई म्हणाल्या, आणि मशीन उचलून निघून गेल्या.

टेप हिरव्या कपाटात गेली. पण तो आवाज काही कपाटात राहीना. साहेब दाढी करायला उभे राहिले की नळाच्या मागं, भिंतीत कुठंतरी, झिरपायला लागायचं. ते नळ घट्ट करत, तरी यायचं. बायकोला विचारलं तर तिला काहीच ऐकू येत नव्हतं. प्लंबर बोलावला, त्यानं भिंत ठोकून पाहिली आणि कोरडी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. साहेबांनी त्याला भिंत पुन्हा ठोकायला लावली.

ते ताईकडे जास्त जायला लागले. दर वेळी काहीतरी निमित्त काढून म्हणायचे, "ये ना राहायला आमच्याकडे. तूर्तास ये, मग बघू." ताई म्हणायची, तुझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात मी काय करू, तिची मांडणी वेगळी, माझा हात वेगळा. एकदा तिनं त्यांच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला आणि साहेब पेल्याकडे बघतच राहिले. पाणी जरासं राखाडी होतं.

"विहिरीचं असंच येतंय हल्ली," ताई म्हणाली. "गाळून घेते मी. न्हाणीची फरशीही ओली असते रे सारखी, पुसून पुसून हात दुखले. बांधाचं काही आहे का, म्हणून गवंडी विचारत होता. तुमच्याकडे काही आलंय का?"

साहेबांनी पेला उचलला आणि परत ठेवला. "आमच्याकडे अधिकृत असं काही आलेलं नाही."

"मग नसेल काही," ताई निश्चिंत झाली. "असतं तर तू सांगितलं असतंस."

साहेब ते पाणी प्यायले. नाही म्हणता आलं नाही.

याच सुमारास मुख्यालयातून निरोप आला. मंडळावर एक जागा रिकामी होणार होती, आणि वरचे साहेब, म्हणजे सगळ्या केंद्रांचे मुख्य, आपल्या साहेबांच्याच नावाला अनुकूल होते. निवृत्तीच्या तोंडावर एवढा मान! सही तेवढी व्हायची होती. "तोवर जरा सांभाळून," असं वरच्या साहेबांनी फोनवर हसत सांगितलं, आणि साहेबही हसले, कारण सांभाळून राहायला यांना काय शिकवायचं?

पाऊस कितीतरी दिवस लागून राहिला होता. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर केंद्र जरा पेंगुळलेलं असताना, बाई न विचारता केबिनमधे शिरल्या. हातात चार ओळींचा कागद. बांधावरून मोजणीदाराचा फोन आला होता. वरच्या अंगाला माणूस उभा राहील एवढी भेग पडली होती आणि मधला भाग खाली बसायला लागला होता. खाणीचे अधिकारी आपापल्या बायकापोरांना गाडीत घालून निघाले होते. भोंगा कुणी वाजवला नव्हता.

"सूचना लिहिली आहे," बाई म्हणाल्या. "फक्त वाचायची आहे."

साहेबांनी कागद घेतला आणि मुख्यालयाला फोन लावला. वरचे साहेब शांत होते. "खाणीकडून लेखी काही आलंय का? नाही ना? अहो, खाण सरकारची, रेडिओ सरकारचा. उद्या काही झालं नाही तर घबराट पसरवली म्हणून कोण उत्तर देणार? आणि तुमच्या नेमणुकीचा कागद सहीसाठी माझ्या टेबलावर पडलाय. तूर्तास थांबवा."

स्वतःचाच शब्द असा समोरून आला की कसा लागतो, ते साहेबांना त्या दिवशी कळलं. त्यांनी रिसीव्हर ठेवला. बाईंकडे बघायचं टाळलं. मग बेल वाजवून ड्रायव्हरला बोलावलं आणि खालच्या वस्तीत जाऊन ताईला घेऊन यायला सांगितलं. बाई हे सगळं बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग साहेबांनी ताईला फोन लावला.

"ताई, मी गाडी पाठवलीय. हाताशी येईल ते घे आणि बस."

"का रे? बायको आजारी आहे का तुझी?"

"नाही गं. तो बांध... वरचा बांध खचतोय म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"आहेत माणसं. तू नीघ आधी."

"अरे, मी सकाळपासून रेडिओ लावून बसलेय. त्यावर तर गाणी चाललीत."

"रेडिओवर तूर्तास नाही सांगितलेलं."

मग ताई म्हणाली, "पोपट, पुन्हा सांग."

"काय?"

"आत्ता बोललास ते. शब्दाला शब्द."

साहेबांनी तोंड उघडलं. केबिनमधे बाई उभ्या, दार अर्धवट उघडं, बाहेर शिपाई. "म्हणजे... तसं नक्की काही नाही गं. आपली एक खबरदारी. तू चार दिवस राहायला ये, एवढंच."

"बघ! झाली मांजराची कोंबडी," ताई हसली. मग तिचा आवाज बदलला. "आणि समज, खरं असलं, तर मला एकटीलाच गाडी का रे? गवंड्याची पोरं आहेत, त्याची आई अंथरुणाला खिळलेली आहे. त्यांना कुणी सांगायचं? तू रेडिओवर सांग. आळीच्या आळी उठेल. मी सगळ्यांच्या पुढं चालेन, बास?"

तिनं फोन ठेवला. थोड्या वेळानं वस्तीच्या तोंडावरच्या दुकानातून ड्रायव्हरचा फोन आला. तो रडकुंडीला आला होता. "साहेब, ताई गाडीत बसत नाहीत. त्यांनी गवंड्याच्या आईला उचलून आत घातलंय आणि म्हणतात, हिला ने. काय करू?"

"ने," साहेब म्हणाले.

आणि मग ते उठले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला न विचारता उठले, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. कागद हातात घेऊन जिना उतरले, स्टुडिओचं जड दार ढकललं आणि कित्येक वर्षांनी माइकसमोर बसले. काचेपलीकडच्या तंत्रज्ञानं आधी डोळे विस्फारले, मग पटकन चालू गाणं खाली घेतलं. लाल दिवा लागला.

"नागरिकांसाठी अत्यंत महत्त्वाची सूचना. खाणीच्या गाळाच्या बांधाला धोका निर्माण झाला आहे. खालच्या वस्तीतील सर्वांनी ताबडतोब घरे सोडून टेकडीवरच्या शाळेत जावे. सामान घेण्यात वेळ घालवू नये."

आवाज जराही कापला नाही. तोच जुना भरदार आवाज, विश्वास ठेवावासा वाटणारा. काचेपलीकडं बाई येऊन उभ्या होत्या आणि त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले होते. साहेबांना एकदम फार हलकं वाटलं. सवयीनं ते पुढं म्हणाले, "ही सूचना पुन्हा ऐका."

तेवढ्यात टेबलावरच्या फोनचा दिवा लुकलुकायला लागला.

स्टुडिओतल्या फोनला घंटा नसते, नुसता दिवा असतो. तो लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला. मुख्यालयातही रेडिओ लावलेला असतोच. साहेबांनी कागदाकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं. मनाशी म्हणाले, सांगायचं ते सांगून झालंय. लोकांनी ऐकलंय. आता दुसऱ्यांदा वाचून आणखी ओढवून कशाला घ्यायचं? एकदा म्हटलं तर घाई झाली म्हणता येतं. दोनदा म्हटलं की ते म्हटलंच. त्यांनी माइकचं बटण बंद केलं, तंत्रज्ञाशी बोलायचं बटण दाबलं आणि काचेकडे बोट उचललं.

"तूर्तास संगीत लाव."

"साहेब, दुसऱ्यांदा वाचायचंय ना?" तंत्रज्ञानं पलीकडून स्पीकरवर विचारलं.

"लाव म्हणतो ना."

हाताशी जे होतं ते त्यानं लावलं. म्हाताऱ्या बासरीवाल्याची जुनी रेकॉर्ड होती ती. बाई काचेवर तळहातानं मारायला लागल्या, पण स्टुडिओच्या काचेतून आवाज येत नाही. साहेबांनी फोन उचलला आणि पाठ वळवून बसले. वरच्या साहेबांना त्यांनी आधी ओरडून घेऊ दिलं. मग मऊ आवाजात म्हणाले, "नाही साहेब, एकदाच वाचलंय. पद्धतीप्रमाणे दोनदा वाचतात, पण मी एकदाच वाचलं. हो, थांबवलंय. बासरी लावलीय आता." पलीकडचा राग हळूहळू उतरत गेला, आणि साहेबांना तो उतरताना ऐकू येत होता. बासरी चालूच होती. तिच्या खालून बारीक, अगदी बारीक काहीतरी झिरपल्यासारखं त्यांना वाटलं. मग स्टुडिओतले दिवे एकदा मंद झाले, परत आले, आणि मग गेलेच.

टेकडीवरच्या शाळेत साहेब पोचले तेव्हा गाळ खाली थांबला होता. जिथं आळी होती तिथं वरून बघितलं तर नुसता राखाडी सपाट पसारा होता, आणि त्यातून एका विजेच्या खांबाचं टोक वर आलं होतं. वर्गावर्गांतून माणसं बसली होती. पोरं रडत होती, बाकं सरकत होती, कुणीतरी नावं मोठ्यानं वाचत होतं. साहेबांना बघून लोक उठून उभे राहिले. एका बाईनं त्यांचे हात धरून डोळ्यांना लावले. आळीतली बहुतेक सगळी माणसं वाचली होती, आणि वाचवलं होतं या आवाजानं.

गर्दीतून गवंडी पुढं आला. त्याच्या खांद्यावर धाकटं पोर झोपलं होतं.

"तुमच्यामुळं आहोत आम्ही, साहेब," तो म्हणाला. "माझी आई तर तुमच्या गाडीतनं आली. मला पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नव्हतं, पण बायकोनं हाताला धरून ओढलं."

"ताई?" साहेबांनी विचारलं.

गवंड्यानं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "ताई तयार होत्या हो. चपला घातलेल्या, पिशवी हातात. मी म्हटलं, चला. तर म्हणाल्या, तुम्ही पोरांना घेऊन व्हा पुढं, पोपट म्हणालाय पुन्हा ऐका. तेवढं ऐकते आणि आलेच मागनं. आम्ही वळणावर पोचलो तरी त्यांच्या घरातनं बासरी ऐकू येत होती. आवाज मोठा केला होता त्यांनी, तुमचं बोलणं निसटू नये म्हणून."

साहेब भिंतीला टेकले.

"आम्ही रस्त्यावर होतो, त्यामुळं पुढचं काही कळलं नाही," गवंडी म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "ताईंनी ऐकलं असेल ना? दुसऱ्यांदा काय सांगितलंत, साहेब?"

साहेबांनी ओठ ओले केले.

"तेच," ते म्हणाले. "शब्दाला शब्द तेच सांगितलं."

वर्गात गलका फार होता. गवंड्यानं चांगला कान पुढं केला आणि त्याच्यामागं हात धरला.

"काय म्हणालात?" तो म्हणाला. "पुन्हा सांगा."

साहेबांनी तोंड उघडलं. गवंडी कान पुढं करून उभा होता, त्याच्या खांद्यावरचं पोर जागं होऊन साहेबांकडे बघत होतं, आणि साहेबांना काही केल्या ते दुसऱ्यांदा म्हणता येईना.